दारातली रांगोळी: चिमटीतली की स्टिकरची?

स्टिकर एकदा चिकटवला की विषय संपला. फरशी पुसा, पाय पडू द्या, लिफ्टसमोरच्या चिंचोळ्या जागेतही तो टिकतो. गुडघे दुखणाऱ्यांना आणि सकाळची लोकल गाठणाऱ्यांना सोयीचाच. त्यांना नावं ठेवू नयेत. पण कडा उचलायला लागल्या की त्यात काळा मळ बसतो, आणि चार दिवसांनी घरातलंही कुणी त्याकडे बघत नाही.

चिमटीतल्या रांगोळीला रोज बघावंच लागतं. अंगठा आणि तर्जनीतून पूड एकसारखी सुटली तरच रेघ सरळ येते. हात थबकला की ढीग, घाई केली की तुटक. पावसाळ्यात पूड दमट होऊन गोळे धरते, मग ती वाळवून चाळून घ्यायची. ठिपक्यांची काढायची तर मधली ओळ ७ची, वर-खाली ६, ५, ४ करत गेलं की षटकोन तयार. त्यात कमळ बसवा नाहीतर ताऱ्यासारखी नक्षी, तुमची मर्जी. चैत्र महिन्यात काढायच्या चैत्रांगणात तर गौरीचा पाळणा, सूर्य-चंद्र, शंख, कासव असा अख्खा पसारा. स्टिकरला कुठला आलाय चैत्र?

माझं मत चिमटीच्या बाजूने. रोज मोठी आकृती काढायलाच हवी असं नाही. चातुर्मासात गोपद्मं म्हणजे गाईची पावलं, एरवी स्वस्तिक, दोन मिनिटांत होतं. पांढऱ्या टाइल्सवर पांढरी रेघ उठत नाही, तिथे गेरूने रंगवलेला पाट ठेवा आणि त्यावर काढा.