पॅनासोनिक का सॅमसंग? दोन घरचे प्लाझ्मा टीव्ही शेजारी शेजारी लावून बघितले त्याचा अनुभव

परवा भाच्याचा फोन आला, मामा धुळ्यात एक जण 42 इंची प्लाझ्मा साडेपाच हजारात देऊन राह्यला, घेऊ का? मी त्याला लगेच हो पण म्हणलं नाही आणि नाही पण म्हणलं नाही, आधी विचारलं की लावणार कुठं, गावाकडच्या घरात का दुकानात. कारण प्लाझ्मा चांगला का वाईट हे निम्मं त्या खोलीवर असतं, आणि हे मी दोन प्लाझ्मा इतकी वर्षं बघून सांगतोय.

आमच्याकडं 2012 च्या दिवाळीत पॅनासोनिकचा 42 इंची घेतला, 34 हजाराला. तेव्हा त्याच साइजचा एलईडी पन्नाशीच्या पुढं सांगत होते म्हणून तर प्लाझ्माकडं वळलो. पुढच्या वर्षी साडूभाऊंनी धुळ्याला देवपूरच्या फ्लॅटमध्ये सॅमसंगचा 43 इंची लावला. दोन्ही एचडी रेडी, म्हणजे फुल एचडीच्या एक पायरी खालचे, दोन्हीचं रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांचा हिशोब, सारखंच, 1024 बाय 768. कागदावर दोघांत फरक शोधूनही सापडत नव्हता. मग 2016 ला साडूभाऊंच्या फ्लॅटचं रंगकाम निघालं, त्यांचा टीव्ही पंधरा दिवस आमच्याकडं अमळनेरजवळच्या गावी आणून ठेवला, आणि मी काय केलं, दोन्ही एका टेबलावर मांडले, सेट टॉप बॉक्सला स्प्लिटर लावला आणि एकच चॅनल दोन्हीवर सुरू केलं. पंधरा दिवस रोज रात्री घरातले सगळे तेच बघत बसायचे.

रात्रीच्या सीनला पॅनासोनिक पुढं. आकाश काळंच दिसतं, काळ्या घोंगडीची घडीसुद्धा वेगळी कळते, सॅमसंगवर तोच काळा थोडा राखाडीकडं झुकतो पण तेही लाइट बंद करून दोन्ही शेजारी असल्यावरच कळलं, एकटा बघितला असता तर कुणी तक्रार केली नसती. दिवसा मात्र उलटं. दार उघडं ठेवलं की सॅमसंगचा उजेड जास्त, रंग उठून दिसतात, आणि डे मॅचला हिरवं मैदान त्याच्यावर बघायलाच मजा. दोन्हीला मूव्ही मोड लावला, ब्राइटनेस कॉन्ट्रास्ट हातानं जुळवला तेव्हा चेहऱ्याचा रंग जवळपास सारखा आला. शोरूममध्ये डायनॅमिक मोड, म्हणजे उजेड आणि रंग मुद्दाम भडक केलेला, लावून ठेवतात आणि गिऱ्हाइक त्यालाच भुलतं, म्हणून सांगतो, कुठलाही टीव्ही बघायला गेलात तर पहिलं काम तो मोड बदलणं.

हा काळा रंग प्लाझ्मात येतो कसा ते थोडं सांगतो. एलसीडी, एलईडी टीव्हीत मागं दिवा असतो आणि पुढचा पडदा तो अडवतो, अडवून अडवून थोडा उजेड झिरपतोच. प्लाझ्माच्या काचेत लाखो बारीक कप्पे, त्यात निऑन झेनॉन वायू, करंट दिला की अतिनील किरण निघतात आणि लाल, हिरवा, निळा फॉस्फर, म्हणजे कप्प्यातला चमकणारा लेप, पेटतो. प्रत्येक कप्पा स्वतःचा दिवा. पण कप्पा लगेच पेटावा म्हणून त्याला सतत थोडं जागं ठेवावं लागतं, तेवढी धूसर चमक राहते, आणि ती कोण किती कमी करतो यावरच कंपन्यांची खरी स्पर्धा होती. पायोनियरनं ह्यात सगळ्यांना मागं टाकलं, त्यांच्या सिरीजचं नावच कुरो, जपानीत कुरो म्हणजे काळा. मी तो एकदा मुंबईला एका ओळखीच्या घरी बघितला, अंधारात सीन संपला की टीव्ही बंद झाला का काय असं वाटायचं. पण किंमत लाखांत, आणि फेब्रुवारी 2009 मध्ये पायोनियरनं टीव्हीचा धंदा सोडायचं जाहीर केलं. त्यानंतर काळ्यासाठी लोक पॅनासोनिकचंच नाव घ्यायचे, त्यांनीही 2013 च्या शेवटी प्लाझ्मा बनवणं थांबवलं, सॅमसंगनं 2014 ला. म्हणजे आज जो काही मिळेल तो जुनाच मिळणार.

आता खोलीचं. आमचं घर धाब्याचं, मातीच्या जाड भिंती, पुढच्या खोलीला एकच लहान खिडकी, आणि मे महिन्यात तर आपल्याकडं पारा 44-45 ला टेकला की सकाळी दहालाच दारं खिडक्या बंद, गोणपाट ओलं करून टांगायचं, कूलर चालू. भर दुपारी खोलीत संध्याकाळसारखा अंधार. पुण्या-मुंबईच्या लोकांना प्लाझ्माच्या काचेत खिडकी दिसते, बल्ब दिसतो, त्या अडचणीचा आम्हाला त्रासच नाही झाला. आमचे आप्पा आता ऐंशीला आले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, जुन्या डब्यावर त्यांना चेंडू दिसायचा नाही, बॅट फिरली की विचारायचे कुठं गेला. प्लाझ्मा लावला त्या रात्री म्हणाले, "आते बॉल बराबर दखास ना भो." मला तर त्या एका वाक्यात 34 हजार वसूल झाले. चेंडू सीमारेषेकडं पळतो तेव्हा प्लाझ्मावर तो पुसट होत नाही हे खरंच आहे. प्लाझ्मावर 600 हर्ट्झ लिहिलेलं असतं ते मात्र सेकंदाला 600 चित्रं असं समजू नका, एकेका चित्राचे दहा-बारा तुकडे करून झटपट पेटवतात त्याचा तो हिशोब आहे.

अजून एक, लग्नाच्या जुन्या डीव्हीड्या आणि सह्याद्रीवरचे जुने मराठी सिनेमे ह्या दोन्ही टीव्हीवर जेवढे चांगले दिसतात तेवढे माझ्या मुलाच्या नव्या फोर के एलईडीवर दिसत नाहीत. कमी क्वालिटीचं चित्र मोठ्या रिझोल्यूशनवर ताणलं की चिखल होतो. पण मोबाइलवरून यूट्यूबचं फोर के लावलं तर नवा टीव्ही शंभर टक्के पुढं, बारीक अक्षरं प्लाझ्मावर दातेरी दिसतात.

लाइट बिलाची भीती सगळे घालतात म्हणून मीटर लावून बघितलं. आमच्या पॅनासोनिकला अंधाऱ्या सीनला 80 वॅटच्या आसपास, दिवसाच्या मॅचला 160-170 पर्यंत. नव्या एलईडीपेक्षा सरासरी 80 वॅट जास्त धरा, रोज पाच तास म्हणजे महिन्याला 12 युनिट. शंभर-सव्वाशे रुपये. कूलरच्या मानानं काहीच नाही. गरम मात्र होतो, मागं हात धरला की कळतं, भिंतीला चिकटवून अजिबात लावू नका, चार बोटं तरी जागा सोडा. आणि व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझरशिवाय प्लाझ्मा चालवणं म्हणजे जाणूनबुजून पॉवर बोर्ड उडवणं.

तिसऱ्या एका कंपनीचा प्लाझ्मा जळगावला मित्राच्या दुकानात होता, दिवसभर बातम्यांचं एकच चॅनल. तीन वर्षांत खालच्या पट्टीचा डाग काचेत कायमचा बसला, सिनेमा लावला तरी हिरोच्या छातीवरून ब्रेकिंग न्यूजची चौकट. मग पॉवर बोर्ड गेला, पार्ट मिळाला नाही, शेवटी भंगारात. कंपनीपेक्षा तिथं वापर चुकला, दुकानात प्लाझ्मा लावायचाच नव्हता. आमच्या घरी सुरुवातीचे दोनशे तास मी कॉन्ट्रास्ट कमी ठेवला, चॅनलचा लोगो तासन् तास राहू दिला नाही, आज स्क्रीन स्वच्छ आहे.

माझ्या पैशाला पॅनासोनिक, कारण आम्ही बघतो रात्री आणि खोली अंधारी. साडूभाऊंच्या देवपूरच्या फ्लॅटला पश्चिमेकडं मोठी खिडकी, त्यांना सॅमसंगच बरोबर, तिथं आमचा नेला असता तर दुपारी नुसता आरसा झाला असता.

भाच्याला टीव्ही गावाकडंच लावायचाय, त्याच्या आजोबांसाठी. म्हणून त्याला म्हणलं थांब, पैसे देऊ नको. पेनड्राइव्हवर पूर्ण पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि राखाडी असे पाच फोटो टाकलेत, रविवारी धुळ्याला जाऊन एकेक लावून बघू, डाग असेल तर पांढऱ्यावर आणि राखाडीवर लगेच दिसतो. आवाज बंद करून कान लावायचा, गुणगुण किती येते बघायची. अर्धा तास चालू ठेवायचा. आणि घेतलाच तर छोटा हत्ती सांगायचा, दोन गाद्यांच्या मध्ये उभा बांधून आणायचा, आडवा टाकला की खड्ड्यात काच गेलीच समजा.