नववीच्या गणिताची घरची शिकवणी : आठ महिन्यांचा अनुभव

जूनपासून माझ्या मुलाला गणित शिकवायला एक मॅडम आठवड्यातून तीन दिवस घरी येतात. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. आधी दोन वर्षं तो चाळीस मुलांच्या क्लासला जायचा. तिथं धडे ठरल्या तारखेला संपायचे, पण त्याचं नेमकं कुठं अडतंय ते कुणालाच कळायचं नाही. मलाही नाही.

मॅडमनी पहिला आठवडा नववीचं पुस्तक उघडलंच नाही. सातवी-आठवीची सोपी गणितं देऊन तो कुठं थांबतो तेवढं बघितलं. अपूर्णांक आणि ऋण संख्या कच्च्या निघाल्या. त्यांची एक दोनशेपानी वही आहे. महिनाअखेरपर्यंत काय यायलाच हवं ते डाव्या पानावर पेनानं लिहितात, तर रोजच्या तासाचं नियोजन उजव्या पानावर पेन्सिलीनं. उजवं पान त्या रोज खोडतात. डावं कधी खोडलेलं मी पाहिलं नाही.

ऑगस्टमधला एक तास मला अजून आठवतो. त्या दिवशी बहुपदींचा भागाकार ठरला होता. मुलानं सहज (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असं लिहिलं. मॅडमनी भागाकार बाजूला ठेवला. आलेखाच्या कागदावर पाच बाय पाचचा चौरस काढून त्यालाच कात्रीनं कापायला लावला. चार घरांचा एक चौरस, नऊ घरांचा दुसरा, आणि सहा-सहा घरांचे दोन आयत. "तुझ्या उत्तरात हे दोन तुकडे कुठं गेले?" तो बराच वेळ त्या आयतांकडं बघत बसला, मग स्वतःच २अब म्हणाला. त्यानंतर ती चूक मला परत दिसली नाही.

पावसाळ्यात कृष्णा चढली की आमच्या भागात कुणाचंच लक्ष दुसरीकडं लागत नाही. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलेलं सगळ्यांनी पाहिलंय. यंदा पाणी वाढू लागल्यावर मॅडमनी आयर्विन पुलाजवळची रोजची पातळी त्याला वहीत लिहायला लावली. त्यावरून आलेख काढायचा, 40 फुटांची इशारा पातळी आणि 45 फुटांची धोका पातळी या दोन आडव्या रेषा मारायच्या. सांख्यिकीचा धडा पुढं होता, तो तिथंच सुरू झाला. भीतीच्या दिवसांत पोराच्या हाताला काम मिळालं, याचं मला जास्त वाटलं.

आता तक्रार. पहिले दोन महिने मी फार अस्वस्थ होते. शाळा तिसऱ्या धड्यावर आणि हा अपूर्णांकांत अडकलेला. पहिल्या घटक चाचणीत 20 पैकी 8 पडले, तेव्हा शिकवणी बंद करायचं मनात आलं होतं. निदान पालकांना हे आधी नीट सांगायला हवं होतं, आणि मी ते मॅडमना बोललेही. तेव्हापासून महिन्यातून एकदा त्या ते डावं पान मला दाखवतात.

सत्र परीक्षेत बीजगणितात 40 पैकी 27 आले. भूमितीत 21 च. सिद्धता लिहायला तो अजून कंटाळतो आणि तिथं मॅडमनी थोडं कडक व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण परवा धाकट्या बहिणीला ऋण संख्या समजावताना त्यानं आधी तिलाच विचारलं, "तुला कुठपर्यंत येतंय?"

दहावीलाही याच मॅडम ठेवणार आहोत. फक्त संध्याकाळी साडेसातऐवजी सहाची वेळ मागितली आहे.