एटिमऑनलाइन: टॅन्जंट शोधायला गेलो आणि तिथेच रमलो

डग्लस हार्परची ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, शॉर्टमध्ये एटिमऑनलाइन, फुकट आहे, इंग्रजी शब्द टाकला की तो कुठून आला ते समोर येतं. भूमितीच्या शब्दांसाठी तर भन्नाट, फक्त शेजारी कागद-पेन्सिल ठेवा, का ते सांगतो.

टॅन्जंट टाकून बघा. लॅटिनमध्ये तान्गेरे म्हणजे स्पर्श करणे, त्यावरून स्पर्श करणारी ती टॅन्जंट, म्हणजे आपली शाळेतली स्पर्शिकाच की! हा शब्द डॅनिश गणिती थॉमस फिंकने 1583 सालच्या जेओमेत्रिया रोतुंदी या लॅटिन ग्रंथात वापरला, आणि सीकंटही त्याच ग्रंथातला, सेकारे म्हणजे कापणे, म्हणून वर्तुळाला कापत जाते ती छेदिका. मग मूळ धातूवर क्लिक केलं की अख्खं खानदान बाहेर येतं, कॉन्टॅक्ट, कॉन्टेजियस, टॅन्जिबल, आणि कहर म्हणजे इंटिजर!! ज्याला हात लागलेला नाही तो, म्हणून अखंड, म्हणून पूर्णांक. कामाच्या वेळात उघडू नका बाबांनो.

साईनचं पण वाचा, संस्कृत ‘ज्या’ (धनुष्याची दोरी) या शब्दापासून अरबी ते लॅटिन सायनस असा सगळा घोळ आहे, मजा येते.

आता खटकलेलं. आकृत्या नाहीत. स्पर्श वगैरे ठीक, पण त्रिकोणमितीत टॅन्जंटचं छोटं रूप टॅन, त्या टॅन 45 अंश बरोबर 1 याच्याशी त्याचा काय संबंध? तर 1 त्रिज्येचं वर्तुळ काढा, त्यावरच्या एका बिंदूला त्रिज्या जोडा आणि तिथेच स्पर्शिका काढा, मग केंद्रातून त्या त्रिज्येशी कोन करून दुसरी रेघ थेट स्पर्शिकेला भिडेपर्यंत न्या, स्पर्शिकेवर जेवढा तुकडा पडला तीच त्या कोनाची टॅन व्हॅल्यू, आणि केंद्रापासून वर्तुळ कापत तिथवर गेलेली रेघ म्हणजे सेक, सीकंटचं छोटं रूप. 45 अंशाला तो तुकडा बरोबर त्रिज्येएवढा येतो. इतकं चित्र नोंदीशेजारी असतं तर काय बिघडलं असतं!

शिकवणाऱ्यांनी जरूर वापरा, पण मुलांना नुसती लिंक पाठवू नका, इंग्रजी जड आहे आणि जुन्या धातूंपुढे तारका असते, म्हणजे ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषातज्ज्ञांनी तुलना करून बांधलंय, हे आधी सांगितलं नाही तर पोरं तेही लॅटिन समजून पाठ करतील.