दांडिया बाजारातलं व्हिसाच्या कागदांचं ऑफिस: पाचपैकी साडेचार

अमेरिकेतल्या दादाने आमचा ग्रीन कार्डचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज 2005 च्या डिसेंबरात लावला होता. भावंडांच्या रांगेत नंबर लागेपर्यंत 2024 उजाडलं, आणि नेमकं तेव्हाच एका एजंटने माझी झोप उडवली. मधल्या काळात आमचे हे अमेरिकेत शिकायला होते, तेव्हा माझं बाळंतपण तिथे मेडिकेडवर, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेवर झालं होतं. एजंट म्हणाला, "बेन, सरकारी पैसा घेतलाय ना, मग ग्रीन कार्ड विसरा. नाहीतर कुणाला सांगूच नका." खोटं बोलून जायचं माझ्या मनाला पटेना.

जाऊबाईंनी या ऑफिसात पाठवलं. जिना अरुंद, दुसरा मजला. ताई बडोद्याच्याच, मराठी. बिस्किटाच्या डब्यातली जुनी पत्रं मी टेबलावर ओतली. त्यांनी एकेक घडी उलगडली, मेडिकेडच्या पत्रावरच्या तारखा पेन्सिलीने वहीत उतरवल्या आणि विचारलं, "घरखर्चाला सरकारकडून रोख पैसे मिळायचे का? सरकारी खर्चाने कायमचं नर्सिंग होममध्ये राहिलात का?" दोन्हीला नाही. "मग बाळंतपणाचं मेडिकेड आड येत नाही. 2020 साली सरकारी मदत घेणाऱ्यांसाठीचा नियम कडक केला होता, तेव्हासुद्धा गरोदरपणातलं मेडिकेड त्यातून वगळलं होतं. पण लपवाल आणि खोटं पकडलं गेलं, तर कायमची बंदी येऊ शकते." बाळाच्या लसीही मेडिकेडवरच झाल्या होत्या. त्या माझ्या नावावर मोजत नाहीत, हेही तिथेच कळलं. तेवढं ऐकून मला रडू आलं. ताईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मी सावरेपर्यंत दुसरी फाईल उघडली नाही.

खरा कस लागला तो दादाच्या कागदांचा. आमचा भार उचलण्याच्या हमीपत्रासाठी त्याचं उत्पन्न अमेरिकेतल्या गरिबी रेषेच्या 125 टक्के तरी हवं, आणि कुटुंबाच्या आकड्यात आम्हालाही धरतात. ताईंनी अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री अकराला दादाशी बोलून ते निस्तरलं. याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

अर्धा गुण कापला तो फोनसाठी. दुपारी एक ते चार कुणी उचलत नाही, आणि मुलाखत आठवड्यावर आलेली असताना जीव टांगणीला लागतो. जाताना जुनी पत्रं मूळ स्वरूपात न्या, झेरॉक्सवर शिक्क्यातल्या तारखा दिसत नाहीत.

मुंबईच्या मुलाखतीत मी बाळंतपणाचं आपणहून सांगितलं. अधिकारीबाईंनी पत्र वाचलं, परत दिलं आणि दादाचं टॅक्स रिटर्न मागितलं.