‘हुबेहूब’ म्हणून विकल्या जाणाऱ्या राजचित्रांचा संच : छपाई चांगली, दावा न पटणारा

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत शिवजयंतीच्या आधी चांगल्या तसबिरी लावाव्यात असे कार्यकारिणीत ठरले आणि खरेदीचे काम माझ्याकडे आले. बाजारातल्या नेहमीच्या तसबिरींपेक्षा जुन्या, समकालीन चित्रांच्या प्रती मिळाल्या तर बरे, म्हणून मी ऑनलाइन शोध घेतला आणि चार चित्रांचा एक संच मागवला. त्याची किंमत ५,६०० रुपये पडली. विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण याच मजकुराचे, याच दाव्यांचे संच आता पुष्कळ ठिकाणी मिळतात आणि माझी तक्रार एका दुकानापुरती नाही.

आधी मालाविषयी. चारही चित्रे बारा बाय अठरा इंचांची असून कापडी पोताच्या जाड कागदावर छापलेली आहेत. काठाची पट्टी लाकडी नसून फायबरची आहे, पण कोपरे नीट जुळवलेले आहेत आणि मागच्या बाजूला दोन पक्क्या कड्या आहेत. बांधणी इतकी काळजीपूर्वक केली होती की एकाही काचेला चरा गेला नव्हता. रंग संयत आहेत. मूळ चित्रांत जेथे सोन्याचे काम आहे तेथे छपाईत साधा पिवळा रंग उमटतो, पण या किमतीत त्याहून अधिक अपेक्षा करता येत नाही. एक दोष मात्र सांगितला पाहिजे. पहिल्या चित्रातील कानाजवळचा भाग भिंगाखाली पाहिला तेव्हा रेषा तुटून ठिपके दिसू लागले, म्हणजे लहान फाइल ताणून मोठी केली आहे. चार हातांवरून पाहणाऱ्याला हे जाणवणार नाही.

माझा खरा आक्षेप चित्रांच्या मागे चिकटवलेल्या माहितीपट्ट्यांवर आणि सोबतच्या पुस्तिकेवर आहे. ‘हुबेहूब’, ‘प्रत्यक्ष पाहून काढलेले’, ‘खरे रूप’ हे शब्द तेथे इतक्या सहजपणे वापरले आहेत की वाचनालयात येणारी शाळकरी मुले ते प्रमाण मानून चालतील. जुनी राजचित्रे राजाचा चेहरा जसाच्या तसा दाखवतात, हे गृहीतच मला तपासावेसे वाटले, आणि ती तपासणी करूनच हे लिहीत आहे.

पहिले चित्र छत्रपती शिवाजी महाराजांचे आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या गोवळकोंडा शैलीतील चित्रावरून ते घेतले आहे. चेहरा एका बाजूने दाखवलेला, दाढी टोकदार, डोक्यावर पगडी. पट्टीवर लिहिले आहे, ‘महाराजांना समोर बसवून काढलेले एकमेव चित्र’. या वाक्याला आधार नाही. याच धाटणीचे महाराजांचे चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये, ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष राहिलेल्या निकोलास विटसेन याच्या संग्रहातील चित्रसंचातही आहे. ही दोन्ही चित्रे १६८० च्या दशकात गोवळकोंड्यास तयार झाली. हिंदुस्थानातील बादशहा, सुलतान, सरदार यांच्या चित्रांचे असे संच त्या काळी तेथे युरोपीय गिऱ्हाइकांसाठी बनत आणि जहाजातून परदेशी जात. महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाले. तेव्हा यांतील काही चित्रे त्यांच्या पश्चात काढलेली असणे अगदी शक्य आहे.

विक्रेत्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. १६७७ मध्ये महाराज गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या भेटीसाठी भागानगरास, म्हणजे आजच्या हैदराबादेस, गेले होते आणि तेथे त्यांचा मुक्काम सुमारे महिनाभर होता. त्या शहरातील एखाद्या चित्रकाराने त्यांना मिरवणुकीत वा दरबारात पाहिले असेल, ही शक्यता मोलाची आहे, आणि म्हणूनच या शैलीतील चित्रांना अभ्यासकांनी महत्त्व दिले. पण एकदा पाहिलेला माणूस आठवून काढणे वेगळे आणि समोर बसवून काढणे वेगळे.

शिवाय त्या काळची कामाची रीत लक्षात घ्यावी लागते. चित्रशाळेत मूळ चित्राचा चरबा काढून ठेवत. पातळ, पारदर्शक कातड्यावर रेषा उतरवून त्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडत, मग कोऱ्या कागदावर तो चरबा ठेवून वरून कोळशाची पूड घासत, की ठिपक्यांनी आकृती उतरे. त्या ठिपक्यांवरून नवे चित्र रंगवले जाई. एका चरब्यातून कितीही प्रती निघत, आणि प्रत्येक प्रतीत नाकाची वा हनुवटीची रेषा किंचित सरके. आज आपण ज्याला मूळ चित्र म्हणतो ते अशा साखळीतील कितवे आहे, हे चित्र पाहून सांगता येत नाही.

वाचनालयाचे एक सभासद निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. मी त्यांना म्हटले, “गुरुजी, या चेहऱ्याबद्दल तुम्हाला काय वाटते?” त्यांनी खिशातला कागद घडी करून काचेवर पगडीच्या जागी धरला, दुसऱ्या हाताने पेहराव झाकला आणि म्हणाले, “आता सांगा, हे कोण?” खरोखरच उरलेल्या भागात एक नाक, एक डोळा आणि दाढी होती. गोवळकोंड्याच्या कोणत्याही सरदाराच्या चित्रात तो चेहरा खपला असता. मग त्यांनी कागद हळूहळू वर सरकवला. पगडी दिसू लागली आणि महाराज पुन्हा महाराज झाले. चित्रकार राजाची ओळख चेहऱ्यापेक्षा पगडी, शस्त्र आणि बसण्याउठण्याच्या ढबीतून पटवत होता, हे मला त्या एका कृतीतून जितके कळले तितके पुस्तिकेतील सोळा पाने वाचूनही कळले नव्हते.

आपल्याकडे या बाबतीत केवढा मोठा घोळ होऊ शकतो याचे उदाहरण फार जुने नाही. इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र पुष्कळ काळ शिवाजी महाराजांचे चित्र म्हणून चालत आले होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांचा माग काढत १९३३ मध्ये महाराजांचे चित्र लोकांपुढे आणले आणि ती चूक दाखवून दिली. म्हणजे महाराष्ट्रात भक्तिभावाने पाहिला गेलेला एक चेहरा महाराजांचा नव्हताच. बेंद्र्यांच्या या कामाचा पुस्तिकेत उल्लेखही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. हा संच विकता येतो तो ज्यांच्या कष्टांमुळे, त्यांचे नाव चार ओळींत तरी यायला हवे होते.

चेहऱ्याविषयी लेखी पुरावाही आहे आणि चित्राशेजारी तो ठेवून पाहणे फार उद्बोधक ठरते. १६६४ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीतील पाद्री एस्कॅलियट याने, ज्यांनी महाराजांना पाहिले त्यांच्या सांगण्यावरून, त्यांचे वर्णन लिहून ठेवले : बांधा बेताच्या उंचीचा पण प्रमाणबद्ध, नजर तीक्ष्ण, बोलताना हसल्यासारखा चेहरा, आणि रंग आपल्या लोकांहून उजळ. १६६६ मध्ये आग्र्यात राजस्थानातील आंबेरच्या राजाच्या चाकरीतील परकालदास याने आपल्या पत्रात लिहिले की दिसायला हा माणूस किरकोळ, लहानखुरा, पण वर्ण विलक्षण गोरा, दाढी राखलेली, आणि न विचारताही हा राजा आहे हे ओळखू यावे असा. त्याच सुमारास हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच प्रवासी थेवेनो मात्र उंची कमी आणि डोळे चपळ हे मान्य करून रंग सावळा सांगतो. उंचीबद्दल तिघांचे एकमत आहे, पण रंगाबद्दल नाही. डोळ्यांचे तेज दोघांनी आवर्जून सांगितले आहे, आणि नेमके तेच एका बाजूने काढलेल्या चेहऱ्यात, बंद ओठांच्या आणि एकाच डोळ्याच्या चित्रात उतरू शकत नाही. ज्या गोष्टीने पाहणारा माणूस थबकत होता तीच त्या शैलीत बसत नव्हती.

संचातील दुसरे चित्र मला सर्वांत आवडले. घोड्यावर स्वार झालेले महाराज आणि सोबत चालणारे शिपाई, असे हे मीर मुहम्मदचे चित्र असून मूळ प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. व्हेनिसचा निकोलाओ मनुची याने १६८६ पूर्वी हे चित्र काढवून घेतले. मीर मुहम्मद हा औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याच्या पदरचा माणूस होता. मनुची स्वतः १६६५ मध्ये पुरंदरच्या मोहिमेत मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत होता आणि तेथे आपली महाराजांशी भेट झाली असे तो सांगतो. म्हणजे चित्र काढवून घेणाऱ्याने महाराजांना पाहिले होते. चित्रकाराने पाहिले होते की नाही हा प्रश्न वेगळा, आणि पट्टीवर त्या दोहोंची सरमिसळ केली आहे. तरीही घोड्याची चाल, शिपायांची लगबग, शस्त्रे धरण्याची तऱ्हा हे सारे इतके जिवंत आहे की चित्र विश्वासाने भिंतीवर लावावे. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा आहे, त्यामुळे रूपाविषयी त्यातून फारसे काही काढता येत नाही, आणि काढूही नये.

तिसरे चित्र पेशव्यांच्या दरबाराचे आहे आणि येथे चूक अगदी स्पष्ट आहे. पट्टी म्हणते, ‘१७९० च्या तहाच्या प्रसंगी प्रत्यक्ष टिपलेले दृश्य’. सवाई माधवराव आणि इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यातील तहाचे हे चित्र थॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये इंग्लंडात पूर्ण केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. डॅनियलला आधार होता तो जेम्स वेल्सच्या रेखाटनांचा, आणि वेल्स हिंदुस्थानात उतरला तोच १७९१ मध्ये. तहाच्या दरबारात या दोघांपैकी एकही चित्रकार नव्हता. तरीसुद्धा चेहऱ्यांच्या बाबतीत संचातील सर्वांत भरवशाचे चित्र हेच असावे असे माझे मत आहे, कारण वेल्स पुण्यात राहिला होता आणि सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे त्याने त्यांना पाहून काढली होती. दरबार जुळवलेला, पण चेहरे पाहिलेले. हा फरक पट्टीवर दोन ओळींत सांगता आला असता, आणि चित्राचे मोल त्याने वाढलेच असते.

चौथ्या चित्राविषयी मी थोडक्यात लिहितो. ते संगणकाने बनवलेले आहे, त्याचे नाव ‘महाराजांचे खरे रूप’ असे आहे, आणि ते या संचात नसायला हवे होते. त्वचेवरची छिद्रे, भुवईतला केस न् केस, डोळ्यांत पडलेला उजेड, सगळे छायाचित्रासारखे. मात्र नीट पाहिल्यावर त्या चेहऱ्याची ठेवण मला गोवळकोंड्याच्या चित्राची वाटली नाही. कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांनी काढलेल्या आणि महाराष्ट्र शासनाने अधिकृत मानलेल्या चित्राची ती वाटली. ते चित्र मी शाळेपासून पाहत आलो आहे आणि त्याच्यापुढे आजही हात आपोआप जोडले जातात. कांबळे यांनी श्रद्धेने आणि अभ्यासाने एक रूप कल्पिले, आणि ते कल्पिलेले आहे हे कोणी लपवले नाही. त्याच रूपावर खरी वाटणारी कातडी चढवून ‘हेच खरे’ म्हणणे ही वाचकांची आणि त्या चित्रकाराचीही फसवणूक आहे. समकालीनांनी लहानखुरा म्हटलेला बांधा येथे व्यायामपटूसारखा रुंद केला आहे. महाराजांचे मोठेपण खांद्यांच्या रुंदीवर अवलंबून आहे असे ज्याला वाटते, त्याने परकालदासाचे पत्र वाचावे.

सेवेबद्दल सांगायचे तर दूरध्वनीवर बोलणारी मुलगी अतिशय सौजन्याने वागली. तिसऱ्या चित्राची पट्टी बदलून देण्याचे तिने मान्य केले आणि नवी पट्टी आठवड्याभरात टपालाने आली. त्यावर ‘प्रत्यक्ष’ हा शब्द गाळला आहे, पण चित्रकाराचे नाव अजूनही नाही. चौथे चित्र परत घेऊन त्याचे पैसे देण्यास मात्र नकार मिळाला, कारण संच फोडून परत घेत नाहीत. पुस्तिकेतील चुकांची यादी मी ईमेलने पाठवली, तिला महिना उलटला तरी उत्तर आलेले नाही.

हा संच घ्यावा का, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की सुटी मिळत असतील तर दुसरे आणि तिसरे चित्र अवश्य घ्या. पहिले मोठ्या फाइलवरून छापलेले मिळाले तर तेही घ्या. घेण्यापूर्वी मूळ चित्र कोणत्या संग्रहालयात आहे, ते केव्हाचे आहे आणि कोणी काढले हे लेखी विचारा. उत्तर देता येत नसेल तर पैसे पाठवू नका.

आमच्या अभ्यासिकेत तीन चित्रे लागली आहेत. विक्रेत्याच्या पट्ट्या काढून गुरुजींनी आपल्या वळणदार अक्षरात नव्या लिहिल्या. पहिल्या चित्राखाली आता असे आहे : ‘छत्रपती शिवाजी महाराज. गोवळकोंडा, १६८० चे दशक. चित्रकाराचे नाव अज्ञात. महाराज १६७७ मध्ये भागानगरास गेले होते. हे चित्र त्यांना पाहून काढले की चरब्यावरून, याची नोंद नाही.’ शेजारी एस्कॅलियट, परकालदास आणि थेवेनो यांच्या वर्णनांचा सारांश टाचला आहे. चौथी फ्रेम मी उघडली, आतले चित्र काढले आणि त्या जागी रायगडाचा नकाशा बसवला.