सोलापुरात दोन फुटी फिशटँक : दिवाळी ते श्रावण, कोणते मासे टिकले

निकाल आधीच सांगून टाकतो. सोलापुरात घरी छोटा टँक ठेवायचा असेल तर गप्पी, प्लॅटी, झेब्रा डॅनिओ आणि हवी तर हनी गुरामीची एक जोडी, एवढ्यावर थांबावं. निऑन टेट्रा आणि गोल्डफिशचा नाद सोडावा. दुकानात 'शार्क' म्हणून देतात त्या माशाकडे तर बघूही नये. दिवाळीनंतर टँक भरला, आता श्रावण लागलाय. मधे थंडी झाली, आपला उन्हाळा झाला, वळवाच्या वादळात लाइट जाऊन-येऊन झाली. आता कोण तग धरतं ते ठामपणे सांगता येतं.

पुण्या-मुंबईच्या लोकांचे व्हिडिओ बघून यादी करायला बसू नका. त्यांचं पाणी वेगळं, हवा वेगळी, घरात बारा महिने एसी चालवायची ऐपतही वेगळी. आपल्याकडे दुकानात जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: घरात पाणी नळाचं की बोअरचं, नळाला किती दिवसांनी येतं, आणि मे महिन्यात दुपारी हॉलमध्ये पारा कुठवर जातो. रंग, आकार, वास्तू हे सगळं त्यानंतर.

माझा टँक दोन बाय एक बाय एक फूट. गणिताने 56 लिटर भरतात, पण तळाची खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी जेमतेम 45 लिटर. काच, पाणी, खडी धरून वजन साठ किलोच्या आसपास जातं, त्यामुळे टीव्हीच्या हलक्या शेल्फवर ठेवायचा विचार करू नका. स्पंज फिल्टर, एअर पंप, छोटी एलईडी, 50 वॅटचा हीटर आणि काचेला चिकटवायचा थर्मामीटर, एवढंच सामान. घर जुळे सोलापुरात, वरच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब, म्हणजे संध्याकाळी सातलाही भिंतीला हात लावला की गरम.

टँक भरल्यावर पहिला महिना मासे घातलेच नाहीत. दुकानदार म्हणाला, "मालक, आजच न्या की, औषधाची बाटली देतो, काय होत नाही." औषध टाकून हे काम होत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. मित्राच्या जुन्या टँकमधला स्पंज आमच्या पाण्यात पिळला आणि रोज चिमूटभर दाणे टाकत राहिलो. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावर मग दुकानात गेलो.

आता पाणी. नळाचं उजनीचं, त्यात क्लोरीन. बोअरचं इतकं क्षाराचं की बादलीला आतून पांढरी वळी पडते. सगळे मला विचारतात, चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा खेळ जमतो कसा? उलट सोपं जातं. पाणी आलं की एक ड्रम भरून ठेवतो, तोंडाला पातळ फडकं बांधतो म्हणजे डास घुसत नाहीत. पुढचं पाणी येईपर्यंत क्लोरीन उडून गेलेलं असतं. मग टँकमधलं पाव पाणी काढायचं, ड्रममधलं घालायचं, ड्रम पुन्हा भरायचा. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब आहेतच. काढलेलं पाणी कुंड्यांना जातं. आमच्या आईला टँकचं कौतुक शून्य, पण मोगरा या पाण्यावर असा फुलतो की पाणी बदलायची आठवण आता तीच करते.

जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी हा माशाच्या निवडीतला मोठा मुद्दा आहे. गप्पी, प्लॅटी आणि मॉलीला क्षाराचं पाणी मानवतं. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ आणि किंचित आम्ल पाण्यातला. पुतणीने हौसेने सहा निऑन आणले होते. डिसेंबर-जानेवारीत त्यांची निळी रेघ बघत घरातले सगळे बसायचे, हे मान्य करायला हवं. मार्चपासून रंग विटत गेला, अंग बारीक झालं, ते फिल्टरमागे लपायला लागले. मृग निघेपर्यंत एकही उरला नाही. त्याच पाण्यात, तेच दाणे खाऊन गप्पींची दुसरी पिढी खेळत होती.

उन्हाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असताना टँकचं पाणी दुपारी 33-34 अंशांवर जायचं. नुसत्या उष्णतेने मासा मरतो असं नाही, आधी त्याचा दम कोंडतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो. शिवाय क्षाराच्या, अल्कलीकडे झुकणाऱ्या पाण्यात तोच अमोनिया उन्हाळ्यात जास्त विषारी होतो. म्हणून थंडीत ज्या टँकमध्ये वीस मासे मजेत होते, तो मेमध्ये दहाचाच आहे असं धरून चालावं. दाणेही निम्मे करावेत.

उपाय साधा आहे. वरचं काचेचं झाकण काढलं, मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली (झेब्रा उड्या मारतात) आणि छोटा टेबलफॅन पाण्यावर तिरका लावला. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. कोकणातल्या दमट हवेत याचा फारसा उपयोग झाला नसता. मात्र पाणी उडालं तरी क्षार आतच राहतात. रोज नळाचं पाणी घालून पातळी भरत गेलात तर पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. म्हणून उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या शुद्ध पाण्याने करायची. मशीनमधून बाहेर पडणारं वाया पाणी चुकूनही नको, त्यात क्षार जास्तच असतात. बर्फाची बाटली तरंगत ठेवण्याचा उपायही केला, पण तापमान झपकन उतरतं आणि तासाभरात पुन्हा चढतं. माशाला हे वर-खाली सोसत नाही. पंखा बरा.

लाइट जाणं हा दुसरा भाग. वळवाच्या एका वादळात मध्यरात्री गेलेली लाइट उजाडेपर्यंत आली नाही. पॉवर बँकवर चालणारा एअर पंप लावेपर्यंत टॉर्चच्या उजेडात बघितलं, तर सगळे गप्पी पाण्याच्या वरच्या थराशी, तोंडं वर करून भराभर कल्ले हलवतायत. हनी गुरामीची जोडी मात्र निवांत. मधेच एक सावकाश वर यायची, हवेचा एक घोट घ्यायची आणि खाली आपल्या पानाशी जायची. गुरामीला कल्ल्यांजवळ हवेतून श्वास घेण्यासाठी वेगळा अवयव असतो, त्याचा अर्थ त्या रात्री डोळ्यांनी बघितला. ही गुरामी ईशान्य भारत आणि बांगलादेशातली, दोन इंचांच्या आतली आणि स्वभावाने गरीब. नर रंगात आला की अंग मधासारखं आणि गळा काळसर होतो. पोटाखालच्या दोन बारीक दोऱ्यांनी ती सगळं चाचपत हिंडते, अगदी नवीन ठेवलेला दगडसुद्धा. टँकमध्ये माझा सगळ्यात आवडता मासा हाच. संथ पाणी आणि वर थोडी तरंगती झाडं असली की खूश.

झेब्रा डॅनिओबद्दल तक्रार नाही आणि कौतुकही फार नाही. आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला, शेतातल्या पाण्यातला मासा, थंडी-ऊन दोन्ही काढतो. जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात तो हाच. सहा-सातचा घोळका हवा, नाहीतर एकमेकांना छळतात. दाणे पडले की ते इतके तुटून पडतात की गुरामीच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून दोन टोकांना दाणे टाकायचे, आधी झेब्राच्या बाजूला.

आता गप्पी. आपल्याकडे या माशाला किंमत नाही, कारण तो 'फुकटचा' मासा. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे भिंतीवर वाचतच आपण मोठे झालो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डासांच्या अळ्या खायला म्हणून दक्षिण अमेरिकेकडचा हा मासा भारतात आणला, आणि हिवताप विभागाचे लोक तो अजूनही हौदात सोडतात. दुकानातला लांब शेपटीचा फॅन्सी गप्पी त्याच जातीचा, फक्त रंगासाठी निवडून वाढवलेला. फरक इतकाच की फार भारी शेपटीचे, पिढ्यान्‌पिढ्या आपसातच वाढवलेले गप्पी नाजूक निघतात. मी मुद्दाम मध्यम शेपटीचे, स्थानिक माणसाने घरी वाढवलेले घेतले. सोलापूरच्या पाण्यातच जन्मलेला मासा आणि लांबून पिशवीतून आलेला मासा यांच्या तब्येतीत फरक लगेच कळतो.

मादी पिल्लं घालते ते एकदा तरी बघाच. पोटामागचा काळा डाग दिवसेंदिवस मोठा होतो, पोट गोल न राहता चौकोनी दिसायला लागतं. मग ती कोपऱ्यात जाऊन थरथरते. पिल्लू गुंडाळलेलं बाहेर पडतं, खाली घसरत जातं, खडीला टेकायच्या आत सरळ होतं आणि सुर्रकन शेवाळात घुसतं. अंडीबिंडी भानगड नाही. मागे वळून आईच त्याला खाते, म्हणून जावा मॉस किंवा हॉर्नवर्ट अशा पाणवनस्पतीचा दाट पुंजका हवा. दर चार आठवड्यांनी वीस-तीस पिल्लं सहज होतात. नर वेगळे काढले तरी मादी जुन्या साठ्यावर पुढचे काही महिने वीत राहते. दोन फुटी टँक दिवाळी ते होळीत भरून जातो. त्यामुळे माझा सरळ सल्ला: आठ-दहा नुसते नर घ्या. रंगही त्यांनाच असतो. पिल्लांची हौस असेल तर जादा मासे कुठे द्यायचे ते आधी ठरवा. आमचे गल्लीतल्या दोन हौदांत गेले, त्या हौदांत आता अळी दिसत नाही. पण संभाजी तलावात किंवा सिद्धेश्वर तलावात नेऊन सोडायचं पुण्य करू नका. तिथल्या मूळच्या माशांच्या जिवावर ते उठतात.

हेच सकर माशाचं. 'टँक साफ ठेवतो' म्हणून बोटाएवढा पिल्लू गळ्यात मारतात. तो दीड फुटाचा होतो, वाढला की शेवाळापेक्षा दाणेच खातो आणि घाण सगळ्यांहून जास्त करतो. मग लोक तो नदीत सोडतात. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात हे काटेरी मासे यायला लागल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. काच पुसायला स्पंजचा तुकडा पुरतो.

'शार्क' म्हणजे पंगास. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो त्याच कुळातला. नीट जगला तर माणसाच्या कमरेएवढा वाढतो. गोल्डफिशही लहान मासा नाही, वीतभर होतो. थंड पाणी मागतो आणि अमोनिया भरपूर करतो, म्हणजे आपल्या उन्हाळ्याच्या नेमका उलटा. आठ केशरी आणि एक काळा असा नऊचा संच वास्तूसाठी सांगतात. नऊ गोल्डफिश दोन फुटात घातले तर आठवड्याला एक बाहेर काढायची तयारी ठेवा.

फायटर मासा हवाच असेल तर त्याला एकट्यालाच वीसेक लिटरचा टँक द्या. ऊन आणि कमी प्राणवायू दोन्ही तो सोसतो, पण गप्पीची लांब शेपटी दिसली की त्याचं डोकं फिरतं.

खरेदी शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, मेमध्ये तर नकोच. दुकानात मासा येऊन किती दिवस झाले ते विचारा, आठवडा तरी झालेला हवा. समोर दाणे टाकायला सांगा आणि खाणाराच घ्या. पर मिटून बसलेला किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला एकही मासा दिसला तर त्या टँकमधला दुसराही घेऊ नका. हे ठिपके आमच्याकडेही डिसेंबरात दिसले होते, रात्री पाणी एकदम गार झाल्यावर. हीटरवर हळूहळू 30 अंशांपर्यंत नेऊन दोन आठवडे ठेवलं, गेले. हीटरचा वर्षातला उपयोग तेवढाच, दीड-दोन महिने.

आठवडाभर गावाला जाताना शेजारच्यांना दाणे टाकायला सांगू नका. माया म्हणून ते मूठभर टाकतात आणि पाणी नासतं. मोठे मासे पाच-सहा दिवस काही न खाता आरामात राहतात. फारच जीव राहत नसेल तर रोजचे दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून द्या, आणि बाकीचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवा.