वाइन लिस्ट भारी, पण ग्लासवाल्या पानाने घात केला

ताईच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही चौघं एका महागड्या इटालियन रेस्टॉरंटमधे जेवायला गेलो होतो. जेवणावर लिहिणारे भरपूर आहेत म्हणून मी फक्त वाइन लिस्टवर लिहितेय, कारण अशा ठिकाणी बिलातला निम्मा पैसा वाइनवरच जातो.

लिस्ट 22 पानांची आहे आणि ती प्रदेशाप्रमाणे लावलीय, वर उत्तरेकडच्या पिएमाँतेपासून सुरू होऊन खाली सिसिलीपर्यंत. हे मला फार आवडलं. इटलीत वाइनची ओळख गावाने आणि प्रदेशाने होते, त्यामुळे नुसते रेड आणि व्हाइट असे दोन ढीग केले की वाचणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. शिवाय प्रत्येक नावापुढे कोणी बनवली, कुठल्या वर्षाची आणि द्राक्ष कुठलं हे तिन्ही लिहिलंय. द्राक्षाचं नाव लिहिल्याबद्दल तर वेगळे मार्क द्यायला हवेत, कारण पिएमाँतेची बारोलो ही रेड नेबिओलो द्राक्षाची असते आणि टस्कनीची ब्रुनेल्लो सांजोवेझे द्राक्षाची, पण बाटलीवर ते सहसा लिहिलेलं नसतं, मग नवीन माणसाला कळणार कसं?

सगळ्यात भारी पान दक्षिणेकडच्या व्हाइट वाइन्सचं. बऱ्याच ठिकाणी पिनो ग्रीजो आली की व्हाइट संपली असंच असतं, इथे मात्र कांपानियाच्या फियानो दी आवेल्लीनो आणि ग्रेको दी तुफो आहेत, सिसिलीतल्या एत्ना ज्वालामुखीच्या उतारावरची कार्रिकांते द्राक्षाची व्हाइट आहे, थोडं वर मार्केमधली वेर्दिक्यो पण आहे. आम्ही फियानो घेतली, हेझलनटसारखा वास, थोडासा मधाचा भास आणि तरी चव एकदम ताजी, आंबटपणा नेमका, कोलंबी-शिंपल्यांच्या लिंग्विनी पास्त्याबरोबर इतकी जमली की भावोजी, जे एरवी व्हाइटला हात लावत नाहीत, त्यांनी दुसरा ग्लास स्वतःहून मागितला. आणि गंमत म्हणजे हिची किंमत दुकानातल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती, तर बारोलोला सरळ साडेतीनपट लावलेत. म्हणजे नाव जेवढं गाजलेलं तेवढा पैसा जास्त, तेव्हा इथे जाणार असाल तर दक्षिणेकडची पानं आधी उघडा.

बारोलोचं अजून एक. आठ बारोलो आहेत पण सगळ्या 2020 आणि 2021 च्या. बारोलोला विक्रीआधी किमान 38 महिने मुरवायचा नियम आहे, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात, म्हणजे या नुकत्याच बाजारात आलेल्या, टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरटपणा, अजून जीभ कोरडी करणारं. एवढ्या दिमाखाच्या ठिकाणी दहा-बारा वर्षं जुन्या दोन बाटल्या तरी हव्यात की नाही? वाइन सुचवणाऱ्या सॉमेलिए मुलीला विचारलं तर तिने प्रामाणिकपणे सांगितलं की आज पिणार असाल तर बारोलो नको, एत्ना रोस्सो, म्हणजे एत्नाची रेड, घ्या, आणि ती होती पण बरीच स्वस्त. महागडी बाटली गळ्यात मारायची सोडून असं सांगणारी माणसं कमी भेटतात.

आता चुका. मोंतेपुल्चानो दाब्रुत्सो टस्कनीच्या पानावर छापलीय. हा घोळ नेहमी होतो, कारण मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव आहे आणि टस्कनीतल्या एका गावाचं पण, त्या गावाची विनो नोबिले ही रेड सांजोवेझेपासून बनते आणि आब्रुत्सो या दुसऱ्याच प्रदेशातली मोंतेपुल्चानो द्राक्षापासून. पण घोळ गिऱ्हाइकाचा व्हावा, लिस्टचा नाही.

त्याहून जास्त खटकलं ते ब्रुनेल्लोचं. लिस्टवर 2016, आम्ही मागितली 2016, वेटरने बाटली आणली 2017 ची आणि काही न बोलता उघडायलाच लागला. टस्कनीत 2016 हे अप्रतिम वर्ष मानतात आणि 2017 ला कडक उन्हाळा आणि दुष्काळ होता, किंमत तीच कशी काय? मी लेबल वाचलं म्हणून कळलं, नाहीतर तशीच प्यायलो असतो. 2016 संपलीय म्हणाले, मग आम्ही ती परत पाठवून एत्ना रोस्सोवर आलो. वर्ष संपलं असेल तर ऑर्डर घेतानाच सांगा ना.

आणि ग्लासवालं पान, म्हणजे पूर्ण बाटली न घेता ग्लासने मिळणाऱ्या वाइन्सचं. सहाच वाइन्स आहेत, प्रोसेक्को, पिनो ग्रीजो, शार्डोने, क्यांती, मेर्लो आणि एक हाउस रेड. वर्ष नाही, उत्पादक नाही, ग्लासात किती मिली ओततात ते पण नाही. 21 पानं इतक्या प्रेमाने लिहायची आणि जे पान सगळ्यात जास्त लोक उघडतात तिथेच हात आखडायचा! चौघांत एक मासे खाणारा, एक मटण, एक नुसता टोमॅटो सॉसचा पास्ता, तर लोक ग्लासच मागणार. तिथे एक बार्बेरा द्राक्षाची रेड ठेवली असती तरी केवढं काम झालं असतं, आंबटपणा भरपूर आणि टॅनिन कमी त्यामुळे टोमॅटोबरोबर मस्त जाते. नवऱ्याने घेतलेली क्यांती तर उघडून दोन-तीन दिवस झाल्यासारखी मरगळलेली होती, वासच नाही आणि शेवटी व्हिनेगरची झाक. सांगितल्यावर वाद न घालता नवीन बाटली उघडून दिली हे खरं, पण तोवर त्याचा पास्ता थंड झाला होता.

शेवटी पन्ना कोत्ताबरोबर मोस्कातो दास्तीची अर्धी बाटली घेतली, जेमतेम 5 टक्के अल्कोहोल, हलके बुडबुडे, पीचचा वास, चौघांना पुरली आणि ताई खूष झाली. विन सांतो ही डेझर्टबरोबरची गोड वाइन मात्र वाइन लिस्टमधे नाहीच, ती डेझर्टच्या मेनूच्या मागच्या बाजूला छापलीय, आम्हाला बिल आल्यावर दिसली.